केन ग्रिफी ज्युनियरची कार्डं : एकाच खेळाडूचा संग्रह कसा उभा करावा

सिएटल मरिनर्स संघामुळे गाजलेला बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियर याच्या नावाने आजवर हजारो वेगवेगळी बेसबॉल कार्डं निघाली आहेत. तो 2010 मध्ये निवृत्त झाला, तरी दरवर्षी त्यात भर पडतेच आहे. ही सगळी जमवीन असं कुणी म्हणालं तर त्याला तो नाद सोडायला सांगा. त्यातली कित्येक कार्डं एकच प्रत छापलेली आहेत आणि ज्याच्याकडे ती आहेत तो हातची सोडत नाही. एका खेळाडूचा संग्रह करायचा तर आधी हद्द आखून घ्यावी लागते. ती नीट आखली की महिन्याला पंचवीस डॉलरमध्येही बघत राहावा असा संग्रह उभा राहतो.

सिएटलच्या आसपास नोकरीसाठी आलेले आम्ही बहुतेक मराठी लोक क्रिकेटवर पोसलेले. ‘बिग फन’ च्युइंगगमच्या कागदांवरच्या धावा मोजत मोठे झालो. इथे घरात पहिलं बेसबॉल कार्ड येतं ते बहुधा मुलाच्या दप्तरातून. मग बाप विचारतो, हा कोण? आणि मरिनर्सच्या गावात उत्तर बरेचदा ग्रिफी असतं, जरी मुलाच्या जन्माआधीच तो मैदानाबाहेर गेलेला असला तरी. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे आणि त्याचा 24 नंबर संघाने निवृत्त केला आहे.

कार्डं जमवणाऱ्याला ग्रिफी सोयीचा का, तर त्याची कारकीर्द 1989 ते 2010 अशी आहे. 630 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके), सलग 10 गोल्ड ग्लोव्ह (क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार), 1997 चा एमव्हीपी (मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू), आणि 2016 मध्ये 440 पैकी 437 मतं मिळवून हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश, हे सगळं आता पक्कं झालेलं आहे. खेळत असलेल्या खेळाडूचं कार्ड त्याच्या एका दुखापतीने निम्म्यावर येतं आणि एका चांगल्या आठवड्याने दुप्पट होतं. ज्याला सट्टा खेळायचा नाही त्याने निवृत्त खेळाडू धरावा. शिवाय या बावीस वर्षांत कार्डांच्या धंद्याने सगळी रूपं घेतली: आधी वारेमाप छपाई, मग चकचकीत खास कार्डं, मग कार्डात बसवलेले जर्सीचे तुकडे, सह्या, प्रतीचा क्रमांक छापलेली क्रमांकित कार्डं. ग्रिफीच्या मागे लागलात की हे सारं आपोआप कळत जातं.

आधी हद्द आखा

कागद घ्या आणि एका वाक्यात लिहा की तुमचा संग्रह कधी पूर्ण झाला असं तुम्ही म्हणाल. हे वाक्य लिहिता येत नसेल तर अजून काही विकत घेऊ नका.

रुळलेले मार्ग असे आहेत. फक्त रूकी वर्षाची, म्हणजे त्याच्या पहिल्या मोसमाची, 1989 ची कार्डं. दरवर्षाचं एक, अशी 22 कार्डं. फक्त मरिनर्सच्या पोशाखातली. एकाच कंपनीची, म्हणजे टॉप्सची किंवा अप्पर डेकची, सगळी मुख्य कार्डं. क्रमांकित कार्डांपैकी फक्त 24 वी प्रत शोधणारे लोकही आहेत. नाद छान आहे, पण खिशाला जड, कारण त्या नंबरची प्रत विकणाऱ्यालाही तिचं महत्त्व ठाऊक असतं.

नवख्याने सहा रूकी आणि दरवर्षाचं एक, एवढंच धरावं असं माझं मत. त्यात 1989 चं एक दोन्हीकडे मोजलं जातं, म्हणजे एकूण 27 कार्डं. नऊ कप्प्यांची तीन पानं जवळजवळ भरतात (एक उंच कार्ड वेगळं ठेवावं लागतं, ते पुढे येईल) आणि अख्खी कारकीर्द डोळ्यांसमोर येते: मरिनर्स, 2000 पासून सिनसिनाटी रेड्स, 2008 मध्ये थोडे दिवस शिकागो व्हाइट सॉक्स, शेवटी पुन्हा मरिनर्स. एक गंमत लक्षात ठेवा. नव्या सालाची कार्डं आधीच्या वर्षअखेरीपासूनच बाजारात यायला लागतात. ग्रिफी रेड्सकडे गेला फेब्रुवारी 2000 मध्ये. त्यामुळे त्या सालच्या काही कार्डांवर तो जुन्या टोपीत आहे, काहींवर नव्या. दोन्ही घ्यावीत की एक, हेही तुमच्या वाक्यात आलं पाहिजे.

यादी करा

प्रत्येक कार्डाच्या मागे क्रमांक असतो. वर्ष, कंपनी आणि हा क्रमांक मिळून कार्डाची ओळख ठरते. ट्रेडिंग कार्ड डेटाबेस या संकेतस्थळावर खेळाडूच्या नावाने शोधलं की वर्षवार यादी मिळते. ती एक्सेलमध्ये उतरवा आणि पुढे रकाने करा: अवस्था, टपालासकट पडलेली किंमत, कुणाकडून घेतलं, आता कुठल्या खोक्यात किंवा पानावर आहे. शेवटचा रकाना सुरुवातीला फालतू वाटतो. शंभर कार्डं झाली की एकच कार्ड दुसऱ्यांदा विकत घेण्यापासून तोच वाचवतो.

थोडी परिभाषा. संचातलं साधं कार्ड म्हणजे बेस. त्याच चित्राची वेगळ्या रंगाची किंवा चमकेची आवृत्ती म्हणजे पॅरलल. पाकिटात अधूनमधून घातलेलं, वेगळ्या चित्राचं आणि वेगळ्या क्रमांकाचं ते इन्सर्ट. कार्डावर 37/50 असं छापलेलं असेल तर पन्नास प्रतींपैकी ती सदतिसावी. विक्रेते पॅरललला बिनदिक्कत ‘दुर्मीळ’ म्हणतात. यादीत शोधून किती प्रती निघाल्या ते बघितल्याशिवाय त्या शब्दाला भुलू नका.

1989 ची सहा रूकी

ती ही: अप्पर डेक क्र. 1, डॉनरस क्र. 33, फ्लीअर क्र. 548, बोमन क्र. 220, टॉप्स ट्रेडेड क्र. 41टी आणि स्कोअर रूकी अँड ट्रेडेड क्र. 100टी.

यातली पाच स्वस्त आहेत. सुटी, ग्रेड न केलेली (म्हणजे तपासणी कंपनीकडून अवस्थेला 10 पैकी गुण न लावून घेतलेली) घेतली तर काही डॉलरला एक. कारण उघड आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला जुन्या कार्डांचे भाव चढलेले बघून लोकांनी नवी कार्डं खोक्याखोक्यांनी जपून ठेवली आणि कंपन्यांनी मागणीला पुरून उरेल एवढी छापली. जपून सगळ्यांनीच ठेवली, मग कमी पडणार कशी? या काळाला छंदातले लोक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. नाव तुच्छतेचं आहे, पण आपल्यासारख्याला ती पर्वणी आहे.

खरेदीत उपयोगी पडतील अशा काही खुणा सांगतो. डॉनरसच्या रंगीत कडा जरा घासल्या की पांढऱ्या दिसू लागतात, म्हणून फोटोत चारही कोपरे स्पष्ट दिसत नसतील तर पुढचं बघा. टॉप्सच्या त्या वर्षीच्या 792 कार्डांच्या मुख्य संचात ग्रिफी नाहीच. तो आला मोसमाच्या शेवटी 132 कार्डांच्या ट्रेडेड संचात, आणि तो संच खोक्यातूनच विकला जायचा. त्यामुळे अख्खा संच घेणं बरेचदा सुट्या कार्डापेक्षा फार महाग पडत नाही. बोमनचं कार्ड नेहमीच्या अडीच बाय साडेतीन इंचांपेक्षा पाव इंच उंच आहे. नेहमीच्या कप्प्यात घातलं तर वरची कड बाहेर डोकावते आणि वही मिटताना दुमडते. त्याला वेगळं, मोठ्या मापाचं आवरण आधीच आणून ठेवा. आणि ‘डॉनरस द रूकीज क्र. 3’ हे वेगळ्या छोट्या संचातलं कार्ड आहे, क्र. 33 म्हणून ते कुणी गळ्यात मारू नये.

उरलं अप्पर डेक. ही कंपनी 1989 मध्ये बेसबॉलमध्ये नवीन आली. कागद चांगला, दोन्ही बाजूंना रंगीत फोटो, फॉइलचं पाकीट, मागे होलोग्राम, आणि पाकिटाची किंमत जवळपास एक डॉलर, म्हणजे इतरांच्या दुपटीच्या आसपास. पहिल्या क्रमांकाला कोण, याचा निर्णय टॉम गाइडमन या कॉलेजवयाच्या कर्मचाऱ्याने घेतला. मेजर लीग या सर्वोच्च साखळीत एकही सामना न खेळलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्याने मान दिला. मरिनर्सच्या टोपीतला फोटोच नव्हता. होता तो सॅन बर्नार्डिनो स्पिरिट या खालच्या पातळीवरच्या संघाच्या टोपीतला, म्हणून टोपीचा रंग आणि अक्षर रंगवून बदललं. हे माहीत असलं की कार्ड हातात घेतल्यावर डोळा आधी टोपीकडेच जातो.

हे कार्डही दुर्मीळ नाही, हे ठासून सांगायला हवं. एकट्या पीएसए या ग्रेडिंग कंपनीने याच्या एक लाखाहून जास्त प्रती ग्रेड केल्या आहेत. भाव टिकून आहे तो लोकांच्या मायेमुळे. म्हणून घाई करू नका. उद्या पुन्हा दुसरी प्रत विक्रीला येणारच आहे. सीलबंद खोकं फोडून ते मिळवायचा विचार तर सोडूनच द्या. 36 पाकिटं, प्रत्येकात 15 कार्डं, म्हणजे 540. आणि संच आहे 800 कार्डांचा. सरासरीने एका खोक्यात एकही ग्रिफी पदरात पडत नाही.

अप्पर डेक क्र. 1 हातात आल्यावर

याच्या नकला फिरतात, त्यामुळे समोर बसून तपासायची सवय लावा. दागिने बघायचं दहापट भिंग पुरतं.

आधी कार्ड उलटं करा आणि दिव्याखाली तिरपं धरून होलोग्राम बघा. खरा असेल तर हलवल्यावर चमक आणि आतलं चित्र बदलत जातं. नकलेत तिथे सपाट चंदेरी ठिपका असतो. मग भिंगाने पुढची बाजू. फोटो बारीक रंगीत ठिपक्यांच्या फुलांसारख्या रचनेने बनलेला दिसला पाहिजे, आणि काळी अक्षरं मात्र सलग, धारदार कडांची. अक्षरंही ठिपक्यांची दिसली तर कार्ड स्कॅन करून पुन्हा छापलेलं आहे. त्यानंतर त्याच संचातलं कुठलंही पाच-दहा सेंटचं कार्ड त्यावर ठेवा आणि चारही कडा जुळवा. ग्रिफी किंचित लहान भरला तर खराब झालेली कड कापून सरळ केलेली असण्याची शक्यता आहे. शेजारी ठेवल्यावर पांढरेपणा आणि जाडीतला फरकही लगेच कळतो. विक्रेता या तपासणीला नाराज झाला तर कार्ड परत देऊन पुढच्या टेबलावर जावं.

पुढची पायरी सेंटरिंगची, म्हणजे चित्र कार्डाच्या मधोमध छापलंय का ते बघण्याची. पीएसएच्या 10 ग्रेडला पुढच्या बाजूचा समास साधारण 55/45 च्या आत लागतो. डावा आणि उजवा पांढरा पट्टा मिळून 4 मिलिमीटर असतील, तर एक 2.2 आणि दुसरा 1.8, एवढाच फरक चालतो. नुसत्या डोळ्यांना हे फसवतं, पट्टी लावा. छपाईच्या मोठ्या तावावर क्र. 1 ची जागा कोपऱ्यात होती, म्हणून याचे कोपरे मुळातच मार खाल्लेले असत, असं जुने संग्राहक सांगतात.

कुठून घ्यावं

गावातलं कार्डांचं दुकान आधी गाठा. काउंटरच्या काचेखालचं महाग असतं. खाली जमिनीवर किंवा कोपऱ्यात डॉलरचे आणि पंचवीस सेंटचे खोके असतात, तिथे बसकण मारा. नव्वदच्या दशकातले ग्रिफी त्यातच सापडतात. दहा-वीस कार्डं एकत्र काढून मग भाव विचारा. एकेकाची घासाघीस इथे कुणाला आवडत नाही, पण गठ्ठ्यावर सूट मागण्यात कसलाच संकोच नको. कार्ड शोमध्ये हेच, फक्त टेबलं शंभर असतात आणि शेवटच्या दिवशी दुपारी लोकांना सामान परत न्यायचा कंटाळा आलेला असतो.

ईबेवर मागितलेल्या भावाला अर्थ नाही. ‘विकलं गेलेलं’ हा गाळणी-पर्याय लावून प्रत्यक्ष झालेले शेवटचे आठ-दहा सौदे बघा आणि सर्वांत वरचा नि सर्वांत खालचा सोडून द्या. जिथे ऑफर स्वीकारली गेली तिथे ईबे मूळ भाव खोडून दाखवतं, खरी रक्कम दाखवत नाही. ती 130पॉइंट या संकेतस्थळावर बघायला मिळते. टपाल आणि कर धरूनच किंमत मोजा. दोन डॉलरच्या कार्डाला पाच डॉलर टपाल देणारे खूप भेटतील. स्वस्त कार्डं घेताना एकाच विक्रेत्याकडून पाच-सहा निवडा आणि एकत्र पाठवायला सांगा.

दरवर्षाचं एक कार्ड हा भाग पुरा करायला वॉशिंग्टन राज्यातलीच सीओएमसी ही कंपनी उत्तम. लोक आपली कार्डं तिथे विकायला ठेवतात, दोन्ही बाजूंचे स्कॅन दिसतात. तुम्ही घेतलेली कार्डं त्यांच्याकडेच साठत राहतात आणि म्हणाल तेव्हा एकाच पाकिटात येतात. भारतात राहून हा छंद करणाऱ्याला ही सोय फार मोलाची, कारण कार्डापेक्षा परदेशी टपाल महाग पडतं. सहा महिन्यांची खरेदी एकदाच मागवा. सीमाशुल्क आणि कुरियरवाल्याचा आकार वेगळा लागतो हे धरून चाला.

नव्वदच्या दशकातले मोहरे

सत्तावीस पुरी झाली की हात पुढे जातोच. 1993 च्या टॉप्स फाइनेस्ट संचात ग्रिफी क्र. 110 आहे. त्याचं साधं कार्ड परवडतं. रिफ्रॅक्टर नावाचे पॅरलल मात्र प्रत्येक खेळाडूचे सुमारे 241 च निघाले असं मानलं जातं. दिव्याखाली फिरवल्यावर पृष्ठभागावर इंद्रधनुष्यी छटा सरकते ती रिफ्रॅक्टरची खूण. या काळातल्या क्रोम (धातूसारख्या चकचकीत) कार्डांवर वर्षांनुवर्षं हिरवट झाक चढते, त्यामुळे फोटोवर विसंबू नका. 1997 मध्ये अप्पर डेकने बेसबॉलमध्ये पहिल्यांदा सामन्यात वापरलेल्या जर्सीचे तुकडे कार्डांत घातले. खेळाडू तीनच होते: ग्रिफी, टोनी ग्विन आणि रे ऑर्डोनेझ. आणि 1998 च्या मेटल युनिव्हर्स या संचातलं प्रेशस मेटल जेम्स हे पॅरलल, फक्त 50 प्रती, हे स्वप्नातलं कार्ड. या तिन्हींत मोठी रक्कम आहे, म्हणून ग्रेड केलेलंच घ्या आणि प्रमाणपत्राचा क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळवा.

सह्यांच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. कंपनीने पाकिटातूनच दिलेली, किंवा पीएसए-डीएनए, जेएसए, बेकेट यांपैकी कुणी तपासलेली असेल तरच. ‘माझ्या काकांनी स्टेडियमवर घेतली’ ही कथा ऐकायला छान असते.

जपणूक

कार्ड आधी पेनी स्लीव्ह या मऊ प्लास्टिकच्या पिशवीत, मग टॉपलोडर या कडक प्लास्टिकच्या खोळीत. उघडं कार्ड सरळ टॉपलोडरमध्ये सरकवलं की कडा घासतात. टॉपलोडरचं तोंड चिकटपट्टीने बंद करायचं तर रंगाऱ्याची निळी टेप वापरा आणि तिचं टोक आत दुमडून ठेवा. उघडताना नखं लावावी लागत नाहीत आणि डिंक कार्डाला लागत नाही. रबरबँड घरातून हद्दपार.

वहीसाठी डी आकाराच्या कड्यांची फाइल घ्या. गोल कड्यांची घेतली तर पहिल्या पानांच्या आतल्या रांगेवर कड्याचा वळ उठतो. पानं पीव्हीसी नसलेलीच हवीत. जुन्या मऊ, तेलकट वासाच्या पानांत ठेवलेल्या कार्डांची शाई प्लास्टिकला चिकटून येते. जर्सीचं कार्ड जाड असतं, ते वहीत कोंबू नका. जाडी पॉइंटमध्ये (एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोजून चुंबकी पेटी घ्या.

नव्वदच्या दशकातली गुळगुळीत लेपाची कार्डं दमट हवेत एकमेकांना चिकटून वीट होते. सिएटलच्या पावसात हे होतं, मग मुंबई-कोकणातल्या पावसाळ्याची गोष्टच सोडा. सुटी सुटी स्लीव्हमध्ये घाला, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी त्या बदला. असा चिकटलेला गठ्ठा हाती आला तर कोपऱ्यातून सोलू नका. दोन्ही हातांत धरून हलकेच इकडून तिकडे वाकवा, टक् टक् आवाज करत कार्डं सुटतात. काही सुटत नाहीत, ती सोडून द्या. फ्रेम करून भिंतीवर लावायचं असेल तर स्वस्त प्रत लावा, उन्हाने शाई आणि सही दोन्ही फिकी पडतात.

ग्रेडिंग करावं का

बहुतेक वेळा नाही. एका कार्डाच्या ग्रेडिंगचं शुल्क आणि वर येण्याजाण्याचं टपाल लागतं. तीन डॉलरच्या फ्लीअरवर हा खर्च करण्यात काही हशील नाही. अप्पर डेकचं सुटं कार्ड तपासून 10 मिळण्यासारखं वाटलं तरच पाठवा, कारण 10 चा भाव 9 च्या कितीतरी पट असतो आणि 9 च्या खाली आलं तर खर्च निघायची मारामार. स्वतःच्या वहीसाठी एक हवं असेल तर ग्रेड न केलेलं, स्वच्छ कोपऱ्यांचं घ्या आणि उरलेल्या पैशांत बाकीची पाच रूकी येतील.

गठ्ठे घेत गेलात की दुबार कार्डं साठतातच. ती वर्षवार लावून दहा-दहाचे गट करा आणि दुकानात किंवा शोमध्ये यादीतल्या एखाद्या कमी असलेल्या कार्डाशी बदला. रोख विकायला गेलात तर दुकानदार बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास देईल, त्यालाही दुकान चालवायचं आहे. अदलाबदलीत तोच माणूस बराच सढळ होतो. बदली झाल्यावर एक्सेलमधला जागेचा रकाना लगेच दुरुस्त करा.